कांताबाईंकडची किल्ली

हॅझलकोंब गावात मराठी बोलणारी घरं दोनच. एक आमचं आणि एक कांताबाई पगाऱ्यांचं. ब्रिस्टल इथून गाडीने तासाभरावर. बसने जायचं असेल तर ते बसच्या मर्जीवर. एक पब, एक शाळा, एक चर्च आणि एक तळं, ज्यातल्या बदकांवरून गावात दरवर्षी भांडण होतं, एवढाच पसारा. लेस्टरला आमचं औषधांचं दुकान होतं. ते विकल्यावर माझ्या नवऱ्याला, परीक्षितला, उतारवयात पक्षी बघायचा नाद लागला, म्हणून आम्ही इथे येऊन पडलो. त्याला पक्षी मिळाले. मला मात्र बोलायला माणूस मिळेना. इंग्रज शेजारी गोड बोलतात, पण हवेबद्दल. हवेबद्दलची माझी सगळी मतं पहिल्या आठवड्यातच सांगून झाली होती.

अशात एका सकाळी चर्चवरून जाताना पोर्चमध्ये साडी दिसली. साडीवर जाड कोट, पायात लोकरीचे मोजे, बूट बाजूला नीट काढून ठेवलेले आणि हातात खलबत्त्यातल्या बत्त्याएवढी लोखंडी किल्ली. ती दोन्ही हातांनी फिरवून एक बाई दार उघडत होत्या. मी रस्त्यातच थांबले.

"मराठी का?" त्यांनीच विचारलं.

"हो. मी वरदा. तुम्ही ख्रिश्चन आहात का?" मला दम म्हणून निघत नाही.

"नाही, बौद्ध. जय भीम."

"मग चर्चची किल्ली तुमच्याकडे कशी?"

"माझं घर जवळ आहे," कांताबाई म्हणाल्या आणि दार ढकलून आत गेल्या. त्यांच्या मते यात याहून जास्त सांगण्यासारखं काही नव्हतं. माझ्या मते होतं, आणि ते मी पुढे वर्षभरात त्यांच्याकडून थोडं थोडं काढून घेतलं.

कांताबाई मूळ नाशिकच्या. तिथल्या महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान यादवराव टपाल खात्यात होते. ते गेल्यावर मुलाने, प्रबुद्धने, आईला इकडे आणलं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. प्रबुद्ध ब्रिस्टलला विमानं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, सून मृणाल हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. दोघं अंधारात बाहेर पडायची आणि अंधारात परत यायची; नात अन्वी शाळेत. मागे उरायच्या कांताबाई, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो, कपाटावरची बुद्धमूर्ती आणि सेंट्रल हीटिंगची घरघर. खिडकीतून समोर दिसायचं ते चर्च.

"महिनोन्महिने नुसती बघत होते," त्या सांगायच्या. "दिवसभर दार उघडं. आत कुणी जाताना दिसत नाही, बाहेर कुणी येताना दिसत नाही, पण दार आपलं उघडं. मला काही ते समजेना."

शेवटी एक दिवस त्या गेल्या. पोर्चमध्ये चिखलाने भरलेल्या बुटांची रांग होती. कांताबाईंनी मनात म्हटलं, बरं झालं, यांच्यातही पादत्राणं बाहेर काढायची पद्धत आहे. आपले बूट त्यांनी रांगेत लावले आणि मोज्यांवर आत गेल्या. ते बूट होते शेताशेतांतून पायी भटकणाऱ्या मंडळींचे. चिखलाचे बूट बाहेर काढा अशी त्यांच्यासाठी तिथे पाटी आहे, आणि ती त्याच बुटांमागे झाकली गेली होती. गावातली माणसं खुशाल बूट घालून आत जातात. फरशी दगडाची, थंडी मार्चमधली. पाय बधिर झाले, पण कांताबाईंनी शिस्तीत सगळं चर्च फिरून पाहिलं.

आत मर्व्हिन पेग्लर फरशी पुसत होते. मर्व्हिन आमचे चर्चवॉर्डन. म्हणजे छप्पर गळण्यापासून घंटेच्या दोरापर्यंत चर्चची सगळी कटकट ज्याच्या गळ्यात पडलेली असते, तो बिनपगारी माणूस. पिढीजात शेतकरी, गुडघे गेलेले, बोलणं मोजकं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बुटांचा चिखल पुसत आलेल्या या गृहस्थाने पहिल्यांदाच कुणाला आपल्या फरशीचा मान राखताना पाहिलं. ते मोज्यांकडे बघतच राहिले.

"मी बौद्ध आहे. आत आलेलं चालेल का?" कांताबाईंनी त्यांच्या सावकाश, स्वच्छ, शाळेतल्या इंग्रजीत विचारलं.

"दार उघडंच आहे, मॅडम," मर्व्हिन म्हणाले. "इथे कुणी विचारत नाही."

हे वाक्य कांताबाई मला पुन्हा पुन्हा सांगायच्या. मग चहाचा घोट घ्यायच्या.

किल्ली आली ती पुढच्या हिवाळ्यात. मर्व्हिनचं घर गावाबाहेर टेकडीवर. रोज सकाळी दार उघडायला आणि दिवेलागणीला लावायला खाली येणं त्यांच्या गुडघ्यांना झेपेना. समोरच राहणाऱ्या, वेळेच्या पक्क्या, जमीन स्वच्छ ठेवणाऱ्या बाईंना त्यांनी विचारलं. कांताबाईंनी किल्ली घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवली. प्रबुद्ध हसायला लागला. "आई, आपल्या घराने देव सोडले, आणि तू देवळाची पुजारीण होऊन आलीस?"

"पुजारीण नाही," कांताबाई म्हणाल्या. "दारावरची."

आमच्या चर्चचा कारभार कसा चालतो ते सांगायला हवं. व्हिकर, म्हणजे गावच्या धर्मगुरू, आहेत रेव्हरंड जिलियन. त्यांच्या पदरात सहा गावं आणि एक खिळखिळी गाडी. आमच्या वाट्याला त्या महिन्यातले दोन रविवार येतात. उपासनेला जेमतेम डझनभर डोकी. त्यातही एखादं झोपलेलं. पण रविवार हा त्यातला लहान भाग. लग्न ठरलं की नावं वाचून दाखवायची, बाळाचा बाप्तिस्मा, म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांच्या बिछान्याशी बसणं, आणि कुणी गेलं की त्याने जन्मात चर्चचं तोंड पाहिलेलं नसलं तरी त्याला सन्मानाने पोहोचवणं. मी काही भाविक नाही. परीक्षित तर गणपतीलासुद्धा सवलत देत नाही. पण गावात कुणाचं काय दुखतंय हे कुणाला तरी ठाऊक असावं लागतं, आणि ते या लोकांना असतं, हे मी मान्य करते. वैतागवाणी गोष्ट म्हणजे यांच्यात आतला एक बाक हलवायचा म्हटला तरी वरून परवानगी आणावी लागते, आणि ती येईपर्यंत बाकावर बसणारा माणूस टिकेल याची खात्री नसते.

या सगळ्यात कांताबाई होत्या आणि नव्हत्याही. बाकीचे गुडघे टेकायचे तेव्हा त्या ताठ बसून राहायच्या, हात मांडीवर. प्रसादाची भाकर आणि द्राक्षारस त्यांनी कधी घेतला नाही. गाणीही म्हटली नाहीत. पण फुलदाण्या त्यांच्या, पितळ घासणं मर्व्हिनच्या बरोबरीने त्यांचं आणि मंगळवारचं सूपही त्यांचं. दर मंगळवारी चर्चमध्ये गावातल्या एकट्या माणसांसाठी सूप असतं. पूर्वी ते बटाट्याचं, फिक्कं, हॉस्पिटलात देतात तसं असायचं. कांताबाईंनी त्यात आलं, मिरी आणि किंचित हळद घातल्यापासून गर्दी वाढली. जिलियन याचं श्रेय पवित्र आत्म्याला देतात.

आणि दिवसा उघड्या दाराने येणारी माणसं. एक पार्सलच्या गाडीचा ड्रायव्हर, जो शेवटच्या बाकावर सँडविच खाऊन डुलकी काढायचा. कधी बसची वाट बघणारी मुलं. आणि पॉलीन. पॉलीनच्या नवऱ्याला विस्मरणाचा आजार. तो तिला ओळखत नाही, पण ती खोलीबाहेर गेली की ओरडतो. सकाळी थोडा वेळ नर्स येते, तेवढ्यात पॉलीन चर्चमध्ये येऊन बसायची. प्रार्थना वगैरे नाही. नुसती बसायची, हात सैल सोडून. कांताबाई तिच्याशी एक शब्द बोलायच्या नाहीत. एकदा मी आत जाऊन मोठ्याने गप्पा सुरू केल्या, तर त्यांनी माझा दंड धरून मला बाहेर आणलं. "तिला तेवढीच शांतता मिळते, वरदा," त्या म्हणाल्या. मला राग आला, पण दंड त्यांनी सोडला नाही.

यंदाच्या जानेवारीत चोरी झाली. दिवसाउजेडी कुणीतरी आलं आणि वेदीवरचे दोन पितळी कँडलस्टँड उचलून घेऊन गेलं. विकले तर कितीसे येणार! पण ते मर्व्हिनच्या आईच्या आठवणीसाठी त्यांच्या वडिलांनी दिलेले होते. आई गेली तेव्हा मर्व्हिन शाळेत होते. तिचं नाव, एडिथ पेग्लर, दोन्ही स्टँडच्या बुडाशी, मागच्या बाजूला कोरलेलं. पोरवयापासून दर शनिवारी ते घासत आलेला माणूस रिकाम्या वेदीसमोर उभा राहिला. त्यांनी फडक्याची घडी केली, खिशात घातली आणि घरी गेले.

चर्चच्या समितीची बैठक झाली. यापुढे दार फक्त उपासनेपुरतं आणि मंगळवारच्या सुपापुरतं उघडायचं, एरवी कुलूप, असं ठरलं. जिलियन एकट्या विरोधात होत्या. कांताबाई समितीत नव्हत्या; त्या ख्रिस्ती नाहीत, त्यामुळे प्रश्नच नव्हता. निर्णय सांगायला मर्व्हिन स्वतः त्यांच्या घरी आले. मी तिथेच होते, पोहे खात.

"तेव्हा उद्यापासून दिवसा बंद ठेवा," ते म्हणाले.

कांताबाईंनी खुंटीवरची किल्ली काढली आणि त्यांच्यापुढे टेबलावर ठेवली. "उघडायला सांगाल तेव्हा मी येईन. दिवसा बंद करायला दुसरं कुणी बघा."

"रात्री तुम्हीच बंद करता की."

"रात्री सगळेच आपापलं दार लावतात, मिस्टर पेग्लर. दिवसा दार लावलं की ते कुणावर तरी लावलेलं असतं."

मर्व्हिनचा चेहरा लाल झाला. ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून, आणि किल्ली घेऊन गेले. मी कांताबाईंवर उखडले. या गावात त्यांना काम होतं ते तेवढं एक. त्या किल्लीमुळे लोक त्यांना नावाने ओळखत होते, सकाळी उठायला कारण होतं. एका वाक्यासाठी ते सगळं टेबलावर ठेवून द्यायचं? "अहो, चोरी झाली आहे त्यांच्याकडे," मी म्हटलं. "त्या बिचाऱ्याच्या आईची वस्तू गेली."

"गेली ना. मला का कमी वाईट वाटतंय?" त्या म्हणाल्या. "पण माझ्या हाताने हे होणार नाही." मग त्यांनी माझी ताटली उचलली, पोहे शिल्लक असताना. त्यांचे डोळे भरले होते, हे मला त्या आत जाता जाता दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या खिडकीत बसू लागल्या, पुन्हा पहिल्यासारख्या. दार मात्र आता बंद. ड्रायव्हर आला, कडी हलवून बघितली, निघून गेला. मग पॉलीनची गाडी आली. ती उतरली, दाराशी गेली, थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि परत येऊन गाडीत बसली. पाऊस होता. इंजिन बंद, काचा धुरकटलेल्या. नर्सची वेळ संपेपर्यंत ती तशीच स्टिअरिंगवर हात ठेवून गाडीत बसून होती.

कांताबाईंनी कोट चढवला, थर्मासमध्ये चहा भरला आणि त्या रस्ता ओलांडून गेल्या. आमच्या चर्चचा पोर्च पुढून उघडा, दोन्ही बाजूंना दगडी बाक. त्यांनी पॉलीनच्या काचेवर टकटक केली, तिला पोर्चमध्ये आणून बसवलं, चहा दिला आणि समोरच्या बाकावर गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, घरी जेवायला जाण्यापुरत्या उठून. कुणी आलं की सांगायच्या, "आत बंद आहे. इथे बसा."

हे आंदोलन वगैरे नव्हतं. हातात पाटी नाही, तोंडात तक्रार नाही. पण दार लावलेलं आणि दारात बाई बसलेली, हे सगळ्या गावाला दिसत होतं. आणि आमचं गाव कसलं! कुणी एका शब्दाने काही बोललं नाही. फक्त बाकावर वस्तू यायला लागल्या. आधी एक उशी. मग मेंढीचं कातडं. मग कुणीतरी वारा अडवायला समुद्रकिनाऱ्यावर लावतात तसला रंगीत पट्ट्यांचा पडदा ठोकून गेलं. मला या लोकांचा इतका संताप आला! अरे, बोला ना तोंडाने, की हे चुकतंय. पण नाही. कातडं देतील, मत देणार नाहीत.

जिलियन सकाळच्या प्रार्थनेला आल्या, तर त्यांच्याकडेही त्या वेळी किल्ली नव्हती. त्यांनी पोर्चमध्येच पुस्तक उघडलं. ऐकायला एकट्या कांताबाई, त्यांचा देवावर विश्वास नाही. प्रार्थना संपल्यावर दोघींनी थर्मासच्या झाकणातून चहा घेतला. "माझी आजवरची सगळ्यात लक्ष देणारी मंडळी," जिलियन मला नंतर म्हणाल्या.

प्रबुद्धला मात्र काळजी होती. "मावशी, तुम्ही तरी सांगा तिला," तो मला फोनवर म्हणाला. "या वयात चेस्ट इन्फेक्शन झालं तर? मृणाल रोज सांगतेय, ती ऐकतच नाही. आणि कुणासाठी? आपलं काय आहे तिथे?"

मी गरम पाण्याची पिशवी घेऊन गेले. पॉलीन नव्हती तेव्हा. पिशवी त्यांच्या मांडीवर आदळली आणि म्हटलं, "मुलगा विचारतोय, आपलं काय आहे इथे?"

कांताबाई पिशवी सारखी करत म्हणाल्या, "माझी आजी सगुणाबाई. आईची आई. नाशिकला काळारामाच्या मंदिरात जाऊ द्या म्हणून सत्याग्रह झाला, तेव्हा ती दारात बसायची. लग्न होऊन आलेली तरणी पोर. उन्हात बसायची. पाणी कुणी देणार नाही म्हणून घरून फुलपात्र घेऊन जायची. मी एकदा तिला विचारलं, आजी, तुला रामाला बघायचं होतं का गं? तर म्हणाली, रामाचं मला काय करायचंय? दार माझ्या तोंडावर लावलं होतं ना."

"मग उघडलं?"

"तेव्हा नाही." त्या बंद दाराकडे बघत होत्या. "हे दार मी आले तेव्हा उघडं होतं, वरदा. म्हातारपणी परक्या देशात, कुणी नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, उघडं होतं. आपलं काय आहे इथे म्हणून सांगू प्रबुद्धला? एवढंच आहे."

मी त्यांच्या शेजारी बाकावर टेकले. 

जानेवारी संपत आला. एका सकाळी मर्व्हिन कसल्याशा दुरुस्तीसाठी दार उघडायला आले. मीही होते, पिशवी पोहोचवणं आता माझं रोजचं काम झालं होतं. पोर्चमध्ये पॉलीन कांताबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. तोंड किंचित उघडं, रात्रभर जागलेल्या माणसाची झोप. कांताबाई हलत नव्हत्या. मर्व्हिन किल्ली हातात धरून उभे राहिले, मग समोरच्या बाकावर, मेंढीच्या कातड्यावर, हळूच टेकले.

ते म्हणाले, "ते माझ्या आईचे होते."

"माहीत आहे मला," कांताबाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

"दार उघडं होतं म्हणून गेले."

"हो. म्हणूनच गेले."

त्या नाही म्हणतील, समजूत घालतील, असं मर्व्हिनना वाटलं असावं. त्यांनी मान खाली घातली. "तिचं दुसरं काही माझ्याजवळ नाही. नाव कोरलेलं असं दुसरं काहीच नाही."

पॉलीन जागी झाली, ओशाळली, घड्याळ बघून पळाली. कांताबाई उठल्या. त्यांचा खांदा आखडला होता. "थांबा, आलेच," म्हणून त्या रस्ता ओलांडून घरी गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात जुन्या साडीच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. त्यांनी ते बाकावर सोडलं. दोन पितळी फुलपात्रं. आपल्याकडे पाणी प्यायला असतात तशी, काठ जरा झिजलेले, पण घासून लख्ख. दोन्हींवर ठिपक्याठिपक्यांनी, हातोडीने ठोकून नाव घातलेलं.

"पुढच्या रविवारी कँडलमास आहे," त्या म्हणाल्या. ख्रिसमसनंतर चाळीसेक दिवसांनी हा सण येतो. वर्षभराच्या मेणबत्त्या त्या दिवशी वेदीपुढे आणून आशीर्वाद मागतात. "मेणबत्त्यांच्या सणाला वेदीवर मेणबत्ती नाही, हे बरं दिसत नाही. यात वाळू भरा. नीट उभ्या राहतील."

मर्व्हिननी एक हातात घेतलं. ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. "हे काय लिहिलंय?"

"माझ्या आजीचं नाव. तिने मजुरीच्या पैशांतून घेतली होती दोन्ही. तिला वाचता येत नव्हतं, पण नाव घालून घेतलं." मग त्यांनी आजी कुठे बसायची तेही सांगितलं, भूगोल शिकवावा तसं, सरळ, दोन-चार वाक्यांत. 

मर्व्हिननी फुलपात्र दोन्ही हातांत धरलं होतं. "ही मी नाही घेऊ शकत. ही पण चोरीला गेली तर?"

"गेली तर गेली," कांताबाई म्हणाल्या. "माझ्याजवळही तिचं दुसरं काही नाही. पण कुलूप घालणार असाल तर ठेवू नका, मला परत द्या. उघड्या दारात राहणार असतील तर ठेवा."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. आजीच्या त्या दोन वस्तू नाशिकहून जिवापाड जपून आणलेल्या, आणि ज्या दारातून चोर आला तेच दार उघडं ठेवा म्हणून द्यायच्या! पण मर्व्हिन रडत होते. आवाज न करता, नाक फडक्याने पुसत. तेच फडकं, पितळ घासायचं. मग ते उठले, फुलपात्रं साडीच्या तुकड्यात पुन्हा गुंडाळली, कोटाच्या आत धरली आणि ज्या दुरुस्तीसाठी आले होते ती न करताच निघून गेले. किल्लीही घेऊन गेले. आता ते काय करणार, हे काही आम्हाला कळेना.

रात्री प्रबुद्ध आईशी भांडला, असं मृणालने मला सांगितलं. कांताबाईंचं उत्तर एवढंच होतं की, देवासाठी दिली नाहीत.

समितीच्या बैठकीत मर्व्हिन काय बोलले ते जिलियनकडून कळलं. फारसं काही नाही. फुलपात्रं टेबलावर ठेवली, ती कुणाची आहेत ते सांगितलं आणि किल्ली फुलपात्रांशेजारी ठेवली. कुणी मतं मोजलीच नाहीत; दिवसा कुलूप नको, असं ठरून गेलं.

शनिवारी मी आणि कांताबाई फुलं लावायला गेलो. दार उघडं होतं. वेदीवर फुलपात्रं मांडताना त्यांनी नावाची बाजू भिंतीकडे केली. मी विचारलं, असं का? "दुसऱ्यांच्या देवापुढे आपलं नाव कशाला मिरवायचं," त्या म्हणाल्या. "आहेत ना तिथे, बस झालं."

रविवारी गाव लोटलं, म्हणजे आमच्या मानाने. पॉलीन नवऱ्याला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. ड्रायव्हर सुट्टीच्या दिवशी, स्वच्छ शर्टात, त्याच शेवटच्या बाकावर. प्रबुद्ध आणि मृणालही आली. प्रबुद्ध हाताची घडी घालून बसला. परीक्षित म्हणाला, मी फक्त थंडीमुळे आत आलोय. पण आत जास्तच थंडी होती, कारण दार सताड उघडं होतं. कुणीतरी ते लोटायला उठलं. मर्व्हिन म्हणाले, "राहू दे."

जिलियननी मेणबत्त्या पेटवल्या. मी समोर बघितलं आणि मला दिसलं की फुलपात्रं फिरवलेली आहेत. नावं आमच्याकडे, सगळ्या लोकांकडे तोंड करून. काल संध्याकाळनंतर मर्व्हिननीच ती पुन्हा घासून तशी ठेवली होती. मी कांताबाईंकडे पाहिलं. त्यांनाही ते तेव्हाच दिसलं होतं.

मेणबत्त्यांसाठी प्रार्थना करण्याआधी जिलियन थांबल्या. ही भांडी कुणाची, ती इथे कशी आली, ते त्यांनी सांगितलं. मग कांताबाईंकडे वळून म्हणाल्या, "हे नाव आम्हाला कुणालाच वाचता येत नाही. तुम्ही वाचून दाखवाल का?"

कांताबाई उठल्या. वर्गात उभं राहून जन्म गेलेली बाई; आवाज फुटेना. त्यांनी बाकाच्या पाठीला धरलं आणि माझ्याकडे बघितलं. प्रबुद्धची हाताची घडी सुटली होती, पण त्याचाही चेहरा बघवत नव्हता.

म्हणून मी उभी राहिले आणि मोठ्याने वाचलं. "सगुणाबाई धोंडू रोकडे." बाहेरच्या रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचलं.

मग बाकीच्यांनी प्रार्थनेसाठी गुडघे टेकले आणि कांताबाई नेहमीसारख्या ताठ बसल्या. मर्व्हिन गुडघ्यांमुळे टेकू शकत नव्हते. ते येऊन त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांनी किल्ली दोघांच्या मध्ये बाकावर ठेवली.